मेकअप उतरवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी मेकअप काढण्याविषयी आणि रात्री चेहरा धुण्याविषयी इतकी पत्रं आली की अख्खं सदर त्यालाच दिलं आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी रात्री फेसवॉशने दोनदा चेहरा धुते, तरी टॉवेलला फाउंडेशनचा रंग लागतोच. फेसवॉश हलका पडतोय का? जास्त कडक घ्यावा का?

कडक अजिबात नको. दोष फेसवॉशचा नाहीच. दिवसभर टिकणाऱ्या फाउंडेशनमध्ये आयर्न ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड अशी रंगद्रव्यं सिलिकोन, मेण आणि तेलात घोळलेली असतात. लावल्यावर त्यातला पातळ भाग काही मिनिटांत उडून जातो आणि त्वचेवर पाण्याला दाद न देणारा थर बसतो. घामाने वाहू नये म्हणून मुद्दाम तसा केलेला हा थर नुसत्या पाण्याने आणि फेसाने पूर्ण निघणार नाही. तो तेलकट पदार्थात विरघळतो. म्हणून आधी तेलाचं क्लेंझर आणि मग फेसवॉश, असे दोन टप्पे.

पहिल्या टप्प्याला क्लेंझिंग ऑइल किंवा क्लेंझिंग बाम घ्या. ऑइल असेल तर पंपाचे दोन-तीन दाब, बाम असेल तर साधारण अर्धा चमचा. आधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा आणि केस मागे बांधा. चेहराही कोरडाच हवा. बहुतेकांचं इथेच बिनसतं. सवयीने चेहरा आधी ओला केला जातो. या क्लेंझरमध्ये तेलाबरोबर इमल्सिफायर असतो, म्हणजे तेल आणि पाणी यांची मोट बांधणारा घटक. त्याला पाणी लवकर मिळालं तर मेकअप विरघळण्याआधीच तेलाचं पांढरट दूध होतं आणि ते तसंच वाहून जातं. मग लोक म्हणतात, बाम बेकार आहे.

कोरड्या चेहऱ्यावर बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने गोल गोल फिरवत ४५ सेकंद ते एक मिनिट द्या. गाल आणि कपाळ पटकन सुटतात. खरा वेळ नाकपुड्यांच्या बाजूच्या खाचा, ओठांखालचा खळगा, भुवयांचे केस, केसांची कड आणि जबड्याखालचा भाग यांना लागतो. रंग सुटला की बोटांखाली तो घसरतोय हे कळतं, चिकटपणा जातो.

आता बोटं नुसती ओली करा, ओंजळभर पाणी नको, आणि पुन्हा तशीच फिरवा. तेल दुधासारखं होईल. आणखी १५–२० सेकंद चोळून आणखी थोडं पाणी घ्या. ही पायरी गाळली तर तेल पाण्यात मिसळत नाही, विरघळलेला मेकअप घेऊन चेहऱ्यावरच बसतं, आणि टॉवेलला पुन्हा रंग लागतो. मग कोमट पाण्याने धुवा.

दुसऱ्या टप्प्यात वाटाण्याएवढा फेसवॉश ओल्या तळव्यावर फेसाळून मग चेहऱ्यावर लावा, २०–३० सेकंद पुरेत. धुताना कानांपुढचा भाग, केसांची कड आणि हनुवटीखालची बाजू हाताने चाचपून पाहा. बुळबुळीत लागलं तर पाणी कमी पडलंय. जबड्याच्या कडेला आणि कपाळावर केसांलगत पुटकुळ्या येतात त्यातल्या काहींचं कारण न धुतलेला फेस असतो. शेवटी टॉवेलने टिपून घ्या, खसाखसा पुसू नका.

एक सावधगिरी. हे सगळं नीट केल्यावर कापसावर टोनर घेऊन पुसलं तर कापूस किंचित पिवळट-करडा होतो. त्यात सुटलेली मृत त्वचाही असते. कापूस पांढराशुभ्र येईपर्यंत घासत बसणं म्हणजे चांगल्या त्वचेवर अत्याचार आहे.

प्रश्न : वॉटरप्रूफ मस्कारा आणि काजळ झोपताना काढते, पण सकाळी डोळ्यांखाली काळं आलेलं असतं. पापण्यांचे केसही गळतात. काय चुकतंय?

दोन गोष्टी चुकत असाव्यात: वेळ कमी दिला जातोय आणि जोर जास्त लावला जातोय. पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असते, आणि कापूस आडवा मागेपुढे फिरवला की मस्काराबरोबर केसही ओढले जातात.

वॉटरप्रूफ मस्कारासाठी दोन थरांचं रिमूव्हर घ्या, वर तेल आणि खाली पाणी असलेलं. वापरण्याआधी बाटली चांगली हलवा, नाहीतर कापसावर नुसतं एकाच थरातलं येतं. कॉटन पॅड भिजेल पण ठिबकणार नाही इतकं ओता. डोळा मिटून पॅड पापणीवर ठेवा आणि २० ते ३० सेकंद धरून ठेवा. दाबायचं नाही, घासायचं नाही. मेण मऊ व्हायला तेवढा वेळ लागतो. मग पॅड वरून खाली, केसांच्या दिशेने, एकदाच सरकवा. बहुतेक काळेपणा त्या एका फटक्यात येतो. पॅडची घडी उलटवा आणि स्वच्छ बाजूने पुन्हा तेच करा. एकच बाजू पुन्हा पुन्हा फिरवली तर काजळ गालावर पसरतं.

उरतं ते केसांच्या मुळाशी. पॅडची घडी खालच्या पापणीच्या केसांखाली ठेवा, डोळा मिटा, आणि रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या कॉटन बडने वरच्या केसांवर मुळापासून टोकाकडे हलकेच फिरवा. केस पॅडवर टेकलेले असतात, त्यामुळे रंग थेट त्यावर उतरतो. खालच्या पापणीसाठी वर बघा आणि केसांच्या बाहेरच्या बाजूने बड फिरवा. आतल्या ओल्या कडेवरचं काजळ खरवडून काढायला जाऊ नका. थोडं राहिलं तर अश्रू ते नाकाकडच्या कोपऱ्यात आणून सोडतात, सकाळी तिथून टिपता येतं.

शेवटी डोळे मिटून, फेसवॉशच्या हलक्या फेसाने पापण्यांच्या कडा बोटांनी धुवा आणि भरपूर पाणी मारा. सकाळचं काळं बहुधा ही पायरी राहिल्यामुळे येतं. रिमूव्हरचं तेल केसांच्या मुळाशी राहतं, उरलेला मस्कारा रात्रभर त्यात विरघळतो आणि खाली उतरतो. डोळ्यांचं क्रीम केसांना भिडेपर्यंत लावलं तरी हेच होतं. ते हाडाच्या कडेवरच लावा.

आता एक अपवाद, जो फार कमी जणींना ठाऊक असतो. ‘ट्यूबिंग’ प्रकारचा मस्कारा तेलाने नीट निघत नाही. तो प्रत्येक केसाभोवती पॉलिमरची बारीक नळी तयार करतो आणि ती कोमट पाण्याने फुगून सुटते. धुताना काळ्या पाण्याऐवजी बारीक काळे तुकडे निघत असतील तर तुमचा मस्कारा या जातीचा आहे. कोमट पाण्याने भिजवलेला पॅड अर्धा मिनिट धरा आणि नळ्या हलकेच ओढून घ्या. इथे तेलाच्या रिमूव्हरने तासभर झगडलात तरी उपयोग नाही.

पापणीच्या कडेवर केसांच्या आतल्या बाजूला तेलाच्या ग्रंथींची तोंडं असतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांचं तेल अश्रूंवर थर धरतं आणि अश्रू लवकर सुकू देत नाही. आतल्या कडेला काजळ बसून ही तोंडं बुजली की डोळे चुरचुरतात, रांजणवाडी होते, पापणीत गाठ येते. २०१८ मध्ये नेत्रवैद्यकाच्या एका नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या पन्नाशीच्या बाईंची नोंद आली होती. २५ वर्षं मस्कारा नीट न काढल्यामुळे वरच्या पापणीच्या आतल्या अस्तरात काळ्या कणांच्या गाठी बसल्या होत्या आणि त्या शस्त्रक्रियेने काढाव्या लागल्या. हे टोकाचं उदाहरण आहे, पण ते कण तिथे जातात कसे हे त्यातून नीट दिसतं.

मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी टाकून द्या. डोळे आले किंवा रांजणवाडी झाली तर त्या वेळी वापरात असलेला मस्कारा, काजळ लगेच टाका, महिना मोजू नका.

प्रश्न : मायसेलर वॉटरच्या बाटलीवर ‘धुण्याची गरज नाही’ असं लिहिलंय. मग ते पुसून तसंच झोपलं तर चालेल ना?

आमचं मत: धुवा. मायसेलर वॉटर म्हणजे पाण्यात थोडा सौम्य सर्फॅक्टंट, साबणाच्याच कुळातला पदार्थ. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. पाण्यात त्यांचं प्रमाण ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की तेलाकडची टोकं आत करून ते गोळा होतात. त्या गोळ्यांना मायसेल म्हणतात. मेकअपचा तेलकट अंश त्यांच्या पोटात जातो आणि कापसावर येतो. पण सगळे गोळे कापसावर येत नाहीत, काही चेहऱ्यावर राहतात. कोणी फेसवॉशचा पातळ फेस न धुता झोपत नाही, मग हा का ठेवायचा? नाजूक किंवा एक्झिमाची त्वचा असेल तर आठवड्याभरात कोरडेपणा, आग, तांबूस डाग दिसू लागतात. पाण्याचा नळ गाठणं शक्यच नसेल तर साध्या पाण्यात भिजवलेला पॅड एकदा फिरवा.

हलका मेकअप, टिंट, पावडर यांना मायसेलर वॉटर पुरतं. पूर्ण चेहऱ्याला तीन-चार पॅड लागतात. पाचवाही गडद येत असेल तर हे द्रव्य तुमच्या मेकअपसाठी नाही. सहाव्या-सातव्या पॅडने त्वचा सोलवटेल, मेकअप निघणार नाही. तिथे थांबून बाम उघडा.

प्रश्न : पलंगाशेजारी मेकअप वाइप्स ठेवले आहेत. काहीच न करण्यापेक्षा बरं ना?

काहीच न करण्यापेक्षा बरं, हे खरं. पण वाइपने मेकअप निघतो त्याहून जास्त पसरतो. एकाच वाइपने गाल, डोळे, ओठ पुसले की ओठांचा रंग हनुवटीवर आणि काजळ गालांवर पातळ थराने बसतं. शिवाय वाइप ओली राहावी, बुरशी धरू नये म्हणून तिच्यात परिरक्षकं घालावी लागतात आणि ती धुतली जात नाहीत. मेथिलआयसोथायझोलिनोन हे त्यातलंच एक. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ मध्ये त्याला ‘वर्षाचा अ‍ॅलर्जन’ ठरवलं होतं. युरोपीय संघाने २०१७ पासून अंगावर राहणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी घातली. वाइप्स वापरायला लागल्यापासून पापण्या सुजतात, तोंडाभोवती खाज येते असं असेल तर पाकिटामागची यादी वाचा.

प्रवासात, आजारपणात वापरा. दोन वाइप्स घ्या, एक डोळ्यांसाठी आणि एक बाकी चेहऱ्यासाठी, आणि नंतर ओल्या मऊ कापडाने पुसा. वापरलेली वाइप संडासात टाकू नका, बऱ्याच वाइप्समध्ये कृत्रिम धागे असतात आणि ते पाण्यात सुटत नाहीत.

प्रश्न : खोबरेल तेलाने मेकअप छान निघतो. मग महागडं क्लेंझिंग ऑइल कशाला?

निघतो, यात वाद नाही. मेण आणि काजळ विरघळवायला खोबरेल उत्तम. अडचण पुढे आहे: ते चेहऱ्यावरून जात नाही. त्यात इमल्सिफायर नसतो, त्यामुळे पाणी मारलं की ते दूध न होता थेंबाथेंबाने वर तरंगतं. मग ते काढायला फेसवॉश दोनदा वापरला जातो आणि त्वचा कोरडी पडते. न काढलं तर पुटकुळ्या धरणाऱ्या त्वचेत ते रंध्रं बुजवू शकतं.

कपाळावर, केसांलगत बारीक, एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर खोबरेल आणि ऑलिव्हसारखी तेलं चेहऱ्यापासून लांब ठेवा. त्या मॅलेसेझिया नावाच्या यीस्टमुळे असू शकतात, आणि तेलातली फॅटी आम्लं हे त्या यीस्टचं अन्न. नेहमीच्या मुरुमांच्या औषधाने त्या जात नाहीत, त्वचातज्ज्ञांना दाखवाव्या लागतात.

कोरडी त्वचा असेल, पुटकुळ्या कधी येत नसतील, तर खुशाल वापरा. अर्धा चमचा तेल कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर चोळा, कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने टिपून घ्या, मग फेसवॉश. कापड रोज धुतलेलं हवं. तेलाचं ओलं कापड मोरीत लटकत ठेवून दुसऱ्या दिवशी तेच चेहऱ्याला लावलं तर क्लेंझिंग ऑइलचे वाचवलेले पैसे औषधावर जातील.

प्रश्न : मी पुरुष आहे, मेकअप करत नाही, फक्त सनस्क्रीन लावतो. मलाही दोनदा धुवायला हवं का?

सनस्क्रीनवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं नसेल तर एकदाच, पण पूर्ण मिनिटभर फेसवॉश केलं तरी पुरतं. लिहिलेलं असेल तर आधी ऑइल किंवा बाम. ते न निघण्यासाठीच केलेलं आहे.

खात्री करायची असेल तर धुतल्यावर गालावर थोडं पाणी सोडा. पाणी पसरलं तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखे थेंब होऊन ओघळलं तर थर अजून आहे. दाढी असेल तर फेस केसांच्या मुळापर्यंत बोटांनी पोहोचवा आणि उलट दिशेने पाणी मारा. दाढीखालच्या त्वचेवर सनस्क्रीन, घाम आणि कोंडा एकत्र साचतो.

प्रश्न : चेहरा तेलकट, मुरुमं भरपूर. दिवसातून चार वेळा धुते, आठवड्यातून तीनदा स्क्रब करते, तरी फरक नाही. तेलाने मेकअप काढायची तर भीतीच वाटते.

चार वेळा धुणं आणि स्क्रब, दोन्ही आजपासून बंद. मुरूम वरच्या मळामुळे होत नाही. रंध्राच्या आत मृत पेशी आणि तेल यांचं बूच बसतं, तिथे जिवाणू वाढतात आणि दाह होतो. वरून घासून ते बूच निघत नाही, उलट दाहलेली त्वचा सोलून डाग जास्त पडतात. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला साधा आहे: दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर धुवा, बोटांनी धुवा.

इमल्सिफायर असलेलं क्लेंझिंग ऑइल मुरुमांच्या त्वचेला चालतं, कारण ते चेहऱ्यावर ठेवायचं नसतं. अट एकच, दूध होईपर्यंत पाणी मिसळायचं आणि मागोमाग फेसवॉश करायचा. हा फेसवॉश ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा असेल तर उत्तम. हे आम्ल तेलात मिसळतं, त्यामुळे रंध्रात शिरू शकतं. लावून लगेच धुऊ नका, मिनिटभर ठेवा. डोळ्यांजवळ नको. बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश वापरत असाल तर टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरे ठेवा, रंगीत कापडावर त्याचे विटलेले डाग पडतात आणि ते परत जात नाहीत.

वाफ घेऊन रंध्रं ‘उघडतात’ आणि थंड पाण्याने ‘मिटतात’ असं तुम्ही पत्रात लिहिलं आहे. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. वाफेने आतलं तेल थोडं मऊ होतं, इतकंच, आणि दाहलेल्या मुरुमांना उष्णता सोसत नाही.

प्रश्न : चेहरा धुतला की पाच मिनिटांत ओढल्यासारखा वाटतो. म्हणजे स्वच्छ झाला ना?

नाही. ‘करकरीत स्वच्छ’ वाटणं ही तक्रार समजावी. त्वचेची पातळी किंचित आम्लधर्मी असते, पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५. साबणाच्या वडीचा पीएच ९ ते १० असतो. तो मळाबरोबर पेशींमधली चरबीही नेतो, वरचा थर फुगतो आणि सुकताना आकसतो. तेच ओढल्यासारखं वाटणं. पुन्हा मूळ पातळीवर यायला त्वचेला काही तास लागतात. पाणी जड असेल तर भर पडते. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका होतो, तो चेहऱ्यावर बसतो.

साबण सोडा, साबणविरहित क्लेंझर घ्या. घटकांच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट वरच असेल तर तेही नको. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट किंवा डेसिल ग्लुकोसाइड अशी नावं असतील तर ते सौम्य असण्याची शक्यता जास्त. फेस कमी येतो म्हणून नाराज होऊ नका, फेसाचा आणि स्वच्छतेचा फारसा संबंध नाही. पाणी मनगटावर गरमही नाही, गारही नाही असं लागलं पाहिजे. अंघोळीच्या कढत पाण्याच्या धारेखाली चेहरा धरणं बंद करा.

टिपल्यावर चेहरा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या कुळातली द्रव्यं) लावत असाल तर मात्र उलट: चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, १५–२० मिनिटं थांबा. ओल्या त्वचेवर ते जास्त झोंबतं.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या की मेकअप?

आधी हात धुऊन लेन्स, मग मेकअप. रिमूव्हरचं तेल लेन्सवर बसलं की धूसर दिसतं आणि ते सहज सुटत नाही, मस्काराचे कण लेन्सखाली जाऊन बुबुळाला ओरखडे पडतात. सकाळीही आधी लेन्स घाला, मग मेकअप.

पापण्यांना एक्स्टेन्शन्स लावलेल्या असतील तर तेलाचं काहीच नको. त्यांचा गोंद तेलाने सैल पडतो. तेलविरहित जेल किंवा मायसेलर वॉटर कॉटन बडवर घ्या, कापसाचे धागे अडकतात म्हणून पॅड टाळा. एक्स्टेन्शन्स आहेत म्हणून पापण्या धुवायच्याच नाहीत, हा समजही काढून टाका. सूज आणि कोंडा नेमका तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : लिक्विड मॅट लिपस्टिक काढताना ओठ सोलले जातात.

कोरडं घासू नका. बाम किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर लावून दोन मिनिटं सोडा, तोवर डोळे आटपा. मग ओठ एकमेकांवर घासले तरी थर कडेने सुटतो. ओल्या कापडाने कोपऱ्यांकडून मध्याकडे पुसा. लिप टिंटचा गुलाबी डाग मात्र रंगाने त्वचा रंगलेली असते, तो एक-दोन दिवसांत आपोआप जातो. त्याच्या मागे लागू नका.

प्रश्न : नाटकात काम करतो. ग्रीज पेंट, चिकटवलेल्या मिशा, कधी चमकी. प्रयोगानंतर साबणाने चेहरा लालबुंद होतो.

क्रम बदलावा लागेल. सर्वांत आधी चमकी. तेल लावलं की ती सगळ्या चेहऱ्यावर आणि डोळ्यांत पसरते. चमकी म्हणजे प्लास्टिकचे धारदार तुकडे, बुबुळाला इजा करतात. म्हणून चेहरा कोरडा असतानाच चिकटपट्टी हातावर दोनदा दाबून तिचा चिकटपणा कमी करा आणि चमकीवर टेकवून उचला. डोळ्यांच्या अगदी जवळची ओल्या कॉटन बडने, डोळा मिटून.

मग मिशा. स्पिरिट गमने, म्हणजे मिशा चिकटवायच्या गोंदाने, लावलेल्या असतील तर ओढू नका. ब्रश या गोंदाच्या रिमूव्हरमध्ये बुडवून मिशीमागच्या जाळीच्या कडेखाली सारत जा, अर्धा मिनिट थांबा, कड सुटली की पुढे. बहुतेक सौम्य रिमूव्हरमध्ये आयसोप्रोपिल मायरिस्टेट असतं, तेच घ्या. नुसतं स्पिरिट चोळल्याने त्वचा भाजल्यासारखी होते, आणि तुमचा लालबुंदपणा बहुधा तिथूनच सुरू होतो. साबण त्यावर नंतर येतो.

ग्रीज पेंट शेवटी. त्याचा पाया मेण आणि तेलाचा, म्हणून क्लेंझिंग क्रीम किंवा बाम सढळ हाताने, एक चमचा, सगळीकडे. पहिला थर टिश्यूने पुसून टाका, धुऊ नका, कारण इतका रंग पाण्याने पसरतो. दुसरा अर्धा चमचा लावून मग दूध करून धुवा. कान, कानामागची घडी आणि मान विसरू नका. शेवटी सौम्य फेसवॉश, एकदाच. रोज प्रयोग असतील तर त्या दिवसांत दाढी सकाळी करा. ताज्या दाढीवर स्पिरिट गम आणि रिमूव्हर दोन्ही झोंबतात.

प्रश्न : काही रात्री अंगात त्राणच नसतं. एखाद्या दिवशी तसंच झोपलं तर त्वचा ‘सात दिवसांनी म्हातारी होते’ म्हणतात, खरं का?

सात दिवसांचा हिशेब कोणी काढला कोण जाणे. एका रात्रीने त्वचेचं काही बिघडत नाही. रोजचं झालं तर पुटकुळ्या, निस्तेजपणा, पापण्यांचे त्रास येतात. त्राण नसेल तेव्हा फक्त डोळे करा, कारण डोळ्यांचं नुकसान त्वचेपेक्षा लवकर होतं. आणि खरं तर धुवायला झोपायची वेळच का गाठायची? बाहेरून घरी आल्या आल्या, हातपाय धुताना चेहराही धुऊन टाका. रात्री मग मॉइश्चरायझर तेवढं उरतं.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी व्हिडिओ पाहून रोज रात्री तेल, फेसवॉश, टोनर, अ‍ॅसिड, सीरम, क्रीम असे सहा टप्पे करते. आता गाल लाल झालेत आणि पाणी लागलं तरी आग होते.

आग होते म्हणजे त्वचेचं वरचं कवच उसवलंय. सहाच्या सहा टप्पे थांबवा. दोन ते चार आठवडे रात्री सौम्य, बिनवासाचा फेसवॉश एकदा, दमट चेहऱ्यावर साधं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन. सकाळी नुसतं पाणी पुरे. अ‍ॅसिड आणि रेटिनॉल तिच्या वयाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लागत नाहीत. तेलाचं क्लेंझर ज्या दिवशी मेकअप केला असेल त्या दिवशीच. लाली दोन आठवड्यांत उतरली नाही, किंवा त्यातून पाणी येऊ लागलं, तर तिला त्वचातज्ज्ञांकडे न्या आणि जाताना सगळ्या बाटल्या बरोबर घ्या.